ग्लेनिसची बस, नोएलीनचं भांडं

टॅलोविनच्या खोऱ्यात "बस चुकली" ही सबब कुणाच्या पोराला कधी लाभली नाही, कारण ग्लेनिस टकवेल बस चुकू देतच नसे. फाटकाशी पोर दिसलं नाही की ती हॉर्न दाबून धरायची. तरीही कुणी आलं नाही तर खाली उतरून सरळ स्वयंपाकघरात शिरायची, आणि पोराला त्याच्या अर्ध्या खाल्लेल्या टोस्टसकट उचलून आणायची. आयांची त्याबद्दल तक्रार नसे. त्यातल्या निम्म्या आया स्वतः अशाच उचलून आणलेल्या होत्या.

ग्लेनिस तेव्हा पंचावन्नच्या आसपास होती. ठेंगणी, भक्कम, आणि आवाज असा की तिने नुसता घसा खाकरला तरी मागच्या बाकावरची मारामारी मिटायची. सकाळी शाळेची फेरी, दुपारी म्हाताऱ्यांना समुद्रकाठच्या गावात बाजाराला नेणं, मग शाळेची परतीची फेरी, आणि शेवटी बस झाडून, डिझेल भरून डेपोत लावणं, असा तिचा दिवस. नवरा मर्व्ह काउन्सिलच्या रस्तेखात्यात खड्डे बुजवायचा. तो म्हणायचा, मी रस्ता नीट करतो आणि ही बया तो रोज बिघडवून येते. त्यांना मूलबाळ नव्हतं. ग्लेनिस कधी बोलून दाखवत नसे, पण बसमधली सगळी आपलीच, असं ती मनातून धरून चालली होती. त्यामुळे बस हातातून जाणं म्हणजे तिच्यासाठी काय, हे आम्हाला जरा उशिराच कळलं.

सुरुवात झाली सप्टेंबरात, आमच्याकडचा वसंत लागून वॉटलची झाडं फुलांनी पिवळीधमक झाली होती तेव्हा. सकाळची फेरी आटोपून ती डेपोत बस झाडत होती. आधी तळहात खाजायला लागले. मग काखेत, मग पोटावर. सदरा वर करून बघते तर अंगभर गांधी उठलेल्या, चिडक्या लाल. पाठोपाठ पोटात अशी कळ आली की ती झाडू टाकून बसच्या पायरीवर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तासाभराने सगळं आलं तसं गेलं. तिने पाणी प्यायलं, उरलेली बस झाडली आणि म्हाताऱ्यांना बाजाराला घेऊन गेली.

कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे एकदा झालेल्या गोष्टीला आजार म्हणत नाहीत. दुसऱ्यांदा झालं तेव्हा ती मर्व्हला म्हणाली, आणि मर्व्ह म्हणाला, साबण बदललास का. तिसऱ्यांदा झालं तेव्हा ती दवाखान्यात गेली.

आता आमच्या दवाखान्याविषयी. एक जुनं लाकडी घर, व्हरांड्यात चार खुर्च्या, आणि आत जो डॉक्टर असेल तो. जो असेल तो म्हणायचं कारण असं, की शहरातून डॉक्टर तीन-चार महिन्यांच्या करारावर यायचे, शनिवार-रविवारी समुद्रावर फळी घेऊन लाटांवर खेळायचे, आणि आमची नावं त्यांना पाठ व्हायच्या आत निघून जायचे. त्यात ग्लेनिसला मोकळा वेळ मिळायचा तो दोन फेऱ्यांच्या मधला. म्हणजे बस दवाखान्यासमोर आडवी लावायची, आपला नंबर येईतो घड्याळाकडे बघायचं, आणि निम्म्या वेळा नंबर यायच्या आत उठून जायचं. आणि डॉक्टरसमोर बसावं तेव्हा अंगावर एक गांध सापडेल तर शपथ. ती सगळी लक्षणं वर्णन करून सांगायची आणि सांगता सांगता तिला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागायचं.

पहिला डॉक्टर कोवळा होता. म्हणाला, तुमच्या वयात असं होतं. ग्लेनिस म्हणाली, "बाळा, ते प्रकरण चार वर्षांपूर्वीच संपलं." त्याने कान लाल होईपर्यंत कागद चाळले आणि विचारलं, नवीन काही खाल्लंत का? नाही. त्रास सुरू व्हायच्या आधी लगेच काय खाल्लंत? चहा आणि बिस्किट. मग चहा-बिस्किट बंद करून बघा. कुठला किडा-मुंगी चावला होता का? नाही.

हे "नाही" तिने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि खोऱ्यातल्या कुणीही तेच सांगितलं असतं. साप चावला तर चावला. कोळी, गांधीलमाशी, हेही धरू. पण गोचीड? रानाला लागून घरं, अंगणात घाणेरीचं जंगल, रात्री बँडिकूट, म्हणजे सशाएवढी लांब नाकाची रानजनावरं, येऊन हिरवळ उकरून जाणार, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी गवतावर गळणार आणि तिथून आपल्या अंगावर चढणार. वसंतात रोज अंघोळीला गेलं की कानामागे, काखेत, पट्ट्याखाली चाचपायचं आणि सापडली तर नखाने उपटून टाकायची, हे आमचं दात घासण्यासारखं. दवाखान्यात जायच्या त्याच सकाळी ग्लेनिसने मानेवरची एक काढून स्टिअरिंगवर चिरडली होती. तिला ती आठवलीसुद्धा नाही. हे लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण तेव्हा आमच्यापैकी कुणीच ठेवलं नव्हतं.

चहा बंद झाला. त्रास थांबला नाही. बिस्किटं, दूध, कपड्याची पावडर, केसांचा रंग, एकेक करत सगळं बंद झालं. मांजर बहिणीकडे गेलं. आठवडाभर काही व्हायचं नाही, मग ग्लेनिस म्हणायची, मांजरच होतं मेलं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तळहात खाजायला लागायचे. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी झोपेतून उठवून. सलग दोन दिवस, मग दहा दिवस काही नाही. ज्याला काही आगापिछाच नाही त्याला धरायचं कुठून, हे तिला कळेना.

दुसरी डॉक्टरीणबाई भली होती. तिने रक्त काढलं, लघवी घेतली, छातीची पट्टी काढली. सगळं उत्तम निघालं. मग खुर्ची पुढे ओढून हळूच विचारलं, घरी काही ताण आहे का?

"मर्व्ह आहे," ग्लेनिस म्हणाली. "पण तो तीस वर्षांपासून आहे."

डॉक्टरीणबाई हसली नाही. तिने झोपेआधी घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पोटातून श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. ग्लेनिस तो श्वास बस चालवताना घेऊ लागली, तेव्हा पुढच्या बाकावरच्या पोरी एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

आणि मग नोव्हेंबरातली ती दुपार आली. परतीच्या फेरीत, डोंगराच्या धारेवरच्या चढावर, बस पोरांनी भरलेली असताना तिचे तळहात खाजायला लागले. तिने दात आवळले. पुढच्या वळणावर ओठ जड झाले, कानात शिट्टी वाजायला लागली, आणि समोरचा रस्ता पाण्यातून बघावा तसा हलायला लागला. उजवीकडे दरी होती. तिने बस डावीकडे गवतात घातली, हातब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात टाकली आणि मागे न वळता म्हणाली, "कुणी जागचं उठायचं नाही." कुणी उठलं नाही. वायरलेसवर तिने डेपोच्या मालकाला, बॅरीला बोलावलं. तो येईपर्यंत ती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती आणि बसमध्ये माशी घोंगावली तरी ऐकू येत होतं. पोरांना काही झालं नाही. पण ती दरी तिच्या डोक्यातून हलेना.

बॅरी माणूस वाईट नाही. त्याने स्वतः राहिलेली पोरं घरोघर सोडली आणि संध्याकाळी टोपी हातात घेऊन टकवेलांच्या व्हरांड्यात आला. म्हणाला, डॉक्टरने लिहून दिलं की बस तुझीच. तोवर मी चालवतो. ग्लेनिस म्हणाली, गिअर हळू टाक, तिसरा अडकतो. एवढंच बोलणं झालं.

आता घरी बसलेल्या बाईला खोऱ्यात कुणी विचारत नाही की बाई, तुला काय हवंय. दारात भांडं येतं. काचेचं, झाकणाचं, वरून टॉवेल गुंडाळलेलं, आणि बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव. शेपर्डबाईंचं बीफ, चर्चमधल्या बायकांची डुकराच्या मांसाची लझान्या, आणि दर मंगळवारी नोएलीनचा मटणाचा स्ट्यू. याचे नियम आहेत, जरी ते कुणी कुणाला शिकवत नाही. भांडं धुऊन परत द्यायचं. परत देताना ती विचारणार, कसं झालं होतं? आणि ते डोळ्यात डोळे घालून सांगता आलं पाहिजे. म्हणजे खाल्लंच पाहिजे.

नोएलीन पाइक ही ग्लेनिसची शाळेपासूनची मैत्रीण. धारेवर तिची थोडी मेंढरं होती, आणि ज्यावर तिचं प्रेम असेल त्याला ती मेंढरू खाऊ घालायची. बोलायला फटकळ. दर मंगळवारी भांडं ओट्यावर ठेवून ती ग्लेनिसला वरपासून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, आजही मरायला टेकल्यासारखी दिसत नाहीस. ग्लेनिस सांगायची, काल रात्री पुन्हा झालं, गांधी, पोट, सगळं. नोएलीन ऐकून घ्यायची. तिने कधी ती गांध बघितली नव्हती. कुणीच बघितली नव्हती. मर्व्हने एकदा बघितली होती, पण चष्म्याशिवाय.

एकदा ती म्हणाली, "ग्लेन, रागावू नकोस. पण तू घरात बसून नुसती अंगाकडे बघत राहतेस. बघत राहिलं की दिसतं."

ग्लेनिस रागावली नाही. तेच वाईट होतं. तिला वाटलं, असेलही.

कारण घरी बसल्यावर त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. बसमधला धूर नाही, पोरांचा गोंगाट नाही, पहाटे उठणं नाही, आणि तरी दर दोन-तीन दिवसांनी अंग पेटून उठत होतं. जेवणाचा संशय म्हणाल तर तोही घेऊन झाला होता. पण मर्व्ह त्याच भांड्यातलं, तिच्या दुप्पट खायचा आणि ढाराढूर झोपायचा. म्हणजे जेवण निर्दोष. नाताळच्या दिवशी टेबलावर डुकराचं हॅम होतं, कोलंबी होती. संध्याकाळी ग्लेनिस न्हाणीघराच्या फरशीवर पडली. सगळ्यांनी एकमुखाने कोलंबीला दोष दिला, आणि त्यानंतर घरात कोलंबी आली नाही. हॅम आठवडाभर पुरलं.

जानेवारीत दवाखान्यात तिसरा डॉक्टर आला होता. त्याने आधीच्या दोघांचे कागद वाचले, पुन्हा रक्त काढलं, आणि खुशीत येऊन म्हणाला की तुम्हाला काहीही झालेलं नाही. बस चालवायला हरकत नाही, असं त्याने सहीशिक्क्यानिशी लिहूनही दिलं. जे मिळावं म्हणून ती दोन महिने झुरत होती, तोच कागद हातात घेऊन ती व्हरांड्यातल्या खुर्चीत बराच वेळ बसून राहिली. आनंद का होत नाही, हे तिला कळत नव्हतं.

तिथून ती घरी गेली नाही. डेपोत गेली. बस रिकामी उभी होती, सुट्टीची धूळ खात. ती आपल्या जागेवर बसली, आरसा आपल्या उंचीचा केला, आणि त्या आरशात रिकामी बाकं बघत राहिली. बॅरी कार्यालयातून आला तो हसतच, कारण कागदाची बातमी त्याच्यापर्यंत तिच्या आधी पोचली होती.

"कागदावर मी ठणठणीत आहे," ग्लेनिस म्हणाली.

"मग उतर आणि काच पूस. मंगळवारी शाळा उघडते."

"बॅरी, मला काय होतंय ते मला ठाऊक नाही. कधी होईल तेही ठाऊक नाही. अशा बाईच्या हाती मी माझं पोर दिलं नसतं."

आणि तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली. बॅरीने पुष्कळ समजावलं. ती पायीच घरी आली, मर्व्हला म्हणाली की दिली किल्ली, आणि शेंगा सोलायला बसली. डोकंच फिरलं असेल आपलं, असं तिला त्या दिवसापासून ठाम वाटायला लागलं. अंगाला काही नाही असं शिकलेली तीन माणसं सांगतात, मैत्रीण सांगते, मग चुकतंय कोण? आपणच. ती रात्रीच्या गोळ्या नेमाने घ्यायला लागली.

खोऱ्याने तिचा निरोप-समारंभ केला, शाळा उघडायच्या आदल्या रविवारी, बोलिंग क्लबच्या हिरवळीवर. तिला नको होता, पण आपला निरोप आपल्याला नको म्हणता येत नाही. शेगडीवर सॉसेज भाजली जात होती, कांद्याचा वास सुटला होता, आणि ज्यांना तिने घसा खाकरून गप्प बसवलं होतं ते आता बिअरचे ग्लास घेऊन तिच्याविषयी भाषणं करत होते. मग मटणाची सोडत झाली. आमच्या क्लबात बक्षिसाला मटणाचं ताट असतं: चॉप्स, सॉसेज, खारवलेलं बीफ, वर प्लास्टिक ताणून बसवलेलं. चिठ्ठी निघाली ती ग्लेनिसचीच निघाली. टोपीतल्या सगळ्याच चिठ्ठ्यांवर तिचा नंबर होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, तिलाही, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती रडली. मर्व्हने तिच्या हातात पावात घातलेलं आणखी एक सॉसेज दिलं, कारण त्याला दुसरं काही सुचलं नाही.

दुपारी मर्व्ह क्लबातच रेंगाळला आणि ग्लेनिस नोएलीनच्या गाडीतून निघाली. मंगळवारचं भांडं तिने धुऊन बरोबर आणलं होतं, ते द्यायला ती नोएलीनच्या स्वयंपाकघरात शिरली. मटणाचं ताट तात्पुरतं नोएलीनच्या फ्रीजमध्ये गेलं. चहा झाला, ग्लेनिसचा बिनदुधाचा. भाषणांची टिंगल झाली. उन्हं कलायला लागली, आणि नोएलीन नेहमीप्रमाणे विचारत होती, कसा झाला होता स्ट्यू, तेव्हा ग्लेनिसने टेबलाखाली तळहात मांडीवर घासले.

"फार छान," ती म्हणाली, आणि उठायला गेली.

नोएलीनने पहिल्यांदा बघितलं. मानेवरून गांधी वर चढताना बघितल्या, पाण्यावर तरंग सरकावे तशा. ओठ सुजताना बघितले. ग्लेनिसने ओटा धरला, भांडं खाली पडू नये म्हणून आत सरकवलं, आणि मग गुडघ्यात वाकली. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता.

"आई गं," नोएलीन म्हणाली. "ग्लेन. तू खरं सांगत होतीस."

तिने ग्लेनिसला काखेत धरून ओढत गाडीत घातलं आणि धारेवरून समुद्रकाठच्या इस्पितळापर्यंत अशी गाडी हाणली की मर्व्हने बुजवलेले खड्डेही उखडले असतील. वाटेत ती सारखी बोलत होती. झोपू नकोस. माझ्याकडे बघ. मी तुला काय काय बोलले ते मला परत ऐकव. ग्लेनिसला बोलता येत नव्हतं, तिने नुसता हात हलवला.

इस्पितळात इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली, आणि थोड्या वेळाने ओसरलं. पण या वेळी ते डॉक्टरसमोर ओसरलं. डॉ. विजेसिंगे नावाचे पन्नाशीचे श्रीलंकेचे गृहस्थ होते, शांत, थकलेले. ते बाकी काही न विचारता तिच्या कानामागचे केस बाजूला करत होते.

"ही इथे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"गोचीड."

"अहो, टाका ना काढून," ग्लेनिस कसंबसं म्हणाली. "ती असतेच."

त्यांनी ती नीट गोठवून काढली आणि स्टूल ओढून बसले. किती चावल्या असतील या वर्षी? ग्लेनिस आणि नोएलीन एकमेकींकडे बघायला लागल्या. गोचिडी कोण मोजतं? मग त्यांनी विचारलं, आज दुपारी काय जेवलात. ग्लेनिस म्हणाली की आत्ता काही नाही, फक्त काळा चहा. आत्ता नाही, ते म्हणाले, तीन-चार तासांपूर्वी. सॉसेज. आणि मागच्या वेळी त्रास झाला, त्याच्या आधी संध्याकाळी?

"माझा स्ट्यू," नोएलीन म्हणाली. "मटणाचा."

डॉक्टरांनी सांगितलं ते आम्हाला नंतर इतक्या वेळा सांगून झालंय की आता साधं वाटतं. तेव्हा ते कुणी ऐकलेलं नव्हतं. काही माणसांना ही गोचीड चावून चावून त्यांच्या रक्ताचं मांसाशी वैर जडतं: गाय, मेंढी, डुक्कर, चार पायांचं जे काही असेल ते. माशाने होत नाही, कोंबडीने होत नाही. आणि खाल्ल्याबरोबरही होत नाही, काही तासांनी होतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सिडनीला एका डॉक्टरांकडे असे बरेच रुग्ण जमायला लागलेत. खात्री त्यांच्याकडच्या तपासण्यांनी होईल. तोवर मांस बंद.

"म्हणजे मला वेड नाही लागलेलं?" ग्लेनिसने विचारलं.

"नाही. तुम्हाला मटण लागलंय."

ते विनोद करत नव्हते, पण ग्लेनिस हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या दुखण्याला नाव दिलं होतं. तिने दुसरा प्रश्न विचारायला थोडा वेळ घेतला. बस चालवता येईल? डॉक्टर म्हणाले, सिडनीचा निकाल येऊ दे, मांडीत टोचायचं इंजेक्शन कायम जवळ ठेवा आणि ताटात काय आहे ते बघा. मग का नाही?

नोएलीन या सगळ्यात भिंतीला टेकून उभी होती. रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं, तेव्हा तीच न्यायला आली. गाडी या वेळी बैलगाडीच्या चालीने चालवत होती. ग्लेनिसला तिच्या मनातलं दिसत होतं. दर मंगळवार. गाजर घालून, बार्ली घालून, वरून टॉवेल गुंडाळून. आणि वर बोलून दाखवलेलं, की तू नुसती अंगाकडे बघत बसतेस.

"नोएलीन," ग्लेनिस म्हणाली, "आता खरं सांगते, रागावू नकोस. तुझा स्ट्यू मी कधी खाल्लाच नाही. मला बार्ली आवडत नाही. मी तो कुत्र्याला घालायचे."

नोएलीनने गाडी गवतात घेतली आणि थांबवली. बरोबर त्याच चढावर, दरी उजवीकडे.

"कुठल्या कुत्र्याला, ग्लेन? ब्लू गेल्या हिवाळ्यातच गेला. खड्डा खणायला मीच आले होते."

ग्लेनिसने खिशातून रुमाल काढला आणि नोएलीनला दिला. खालून दुधाचा टँकर आला, त्याने हॉर्न दिला, तरी दोघी हलल्या नाहीत.

"तुला मारत होते मी," नोएलीन म्हणाली.

"भांडं रिकामं करून द्यायचं असतं. तूच शिकवलंस."

सिडनीचा नंबर लागायला, निकाल यायला ईस्टर उजाडलं. तोवर बॅरीने तिसरा गिअर पार मोडून ठेवला होता आणि पोरं रोज उशिरा शाळेत पोचत होती. मटणाचं ताट मर्व्हने आणि नोएलीनच्या नवऱ्याने मिळून संपवलं. ग्लेनिस अजून मानेवर चाचपायची ते चाचपायचीच, पण आता गोचीड नखाने उपटत नसे, डॉक्टरांनी दिलेला फवारा मारून गोठवायची. सगळं समजलं असंही नाही. मर्व्हलाही तितक्याच चावतात, मग त्याला का नाही, हे ती अजून विचारते आणि सिडनीचे डॉक्टरही खांदे उडवतात.

ईस्टरच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी ती बस घेऊन निघाली. आरसा आपल्या उंचीचा केला, पहिल्या फाटकाशी हॉर्न दाबून धरला, आणि एक पोर टोस्ट चघळत धावत आलं. धारेवरच्या वळणाच्या पुढे नोएलीनचं फाटक लागतं. तिथे चढणारं कुणी नाही, त्यामुळे तिथे थांबायचं नसतं. पण नोएलीन रस्त्याच्या मधोमध उभी होती, हातात टॉवेल गुंडाळलेलं भांडं घेऊन. ग्लेनिसने दार उघडलं.

"मॅकरोनी आहे," नोएलीन म्हणाली. "फुलकोबी घातलीय. यात कुणाचेही पाय नाहीत. मी आयुष्यात कधी केली नव्हती, चव बघायची हिंमत झाली नाही."

ग्लेनिसने भांडं सीटशेजारी, हातब्रेकच्या बाजूला ठेवलं आणि दार लावलं. दुपारी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तिने डेपोतल्या पायरीवर बसून ते उघडलं. मॅकरोनीचा गिच्च गोळा झाला होता, फुलकोबी करपली होती, आणि मीठ बहुधा दोनदा पडलं होतं. तिने ती सगळी खाल्ली. मग नळाखाली भांडं घासलं, बुडाची चिकटपट्टी भिजू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरत, आणि परतीच्या फेरीत नोएलीनच्या फाटकाशी बस थांबवून ते परत दिलं.

"कसं झालं होतं?" नोएलीनने विचारलं.

"फार छान," ग्लेनिस म्हणाली, आणि तिच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली.